पितळी खलातला पालक

सहा वर्षं मी पालकावर पीएचडी केली. हे वाक्य मी लग्नकार्यात उच्चारणं कधीच सोडून दिलं, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पनीर घालून की डाळ घालून?" एका मावशीने तर मला दोन स्थळं आणली, दोन्ही हॉटेलवाल्यांची.

खरं काम असं होतं. पानात हरितद्रव्याचे रेणू दाटीवाटीने बसलेले असतात. प्रकाशाचा एक कण त्यातल्या कुणावर तरी पडतो. तो रेणू ती ऊर्जा शेजाऱ्याला देतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, असं करत ती एका ठरावीक ठिकाणी पोचते, आणि तिथे अन्न तयार करायचं काम सुरू होतं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत टँकर आला की आम्ही जिन्यावर रांग करून हंडे असेच हातोहात चौथ्या मजल्यावर पोचवायचो. फरक एवढाच, की आमचं अर्धं पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पायावर सांडायचं. पान फार थोडं सांडतं, आणि जे सांडतं ते अगदी मंद लालसर चमकेच्या रूपाने बाहेर येतं. आम्ही वाटलेल्या पालकावर लेझरचा एक झटका मारायचो आणि ती चमक किती वेळात विझते ते मोजायचो. लवकर विझली तर समजायचं, हंडे भरभर पुढे गेले. किती भरभर? सेकंदाचा अब्जावा भाग घ्या आणि त्याचे आणखी हजार तुकडे करा. तेवढ्या वेळाचा हिशेब मांडायला मला सहा वर्षं लागली. बाबा यावर एकदाच बोलले होते, "मोजायलाच जास्त वेळ लागतोय गं."

बाबा मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे त्यांचं काम शेड जुळवायचं. गिऱ्हाईकाने पाठवलेला नमुना आणि कारखान्यात तयार झालेला माल उत्तरेच्या खिडकीत शेजारी शेजारी धरायचा आणि सांगायचं, जुळतोय की नाही. आई मात्र शिकवण्या, संस्कार वर्ग, भिशी, भजनी मंडळ असं सगळं करून उरलेल्या वेळात माझी काळजी करायची, आणि तिला वेळ भरपूर उरायचा.

तर त्या वर्षी थंडीत माझी शिष्यवृत्तीची मुदत संपत आली. मी सहा महिने वाढवून मागितले होते. शुक्रवारी समिती बसणार होती. माझ्या चौथ्या प्रकरणाचा निकाल तयार असेल तर मुदत मिळणार, नाहीतर तीन प्रकरणांवर प्रबंध गुंडाळायचा, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तोच भाग बाहेर ठेवायचा. आणि लेझरवर मला उरलेली शेवटची पाळी होती सोमवारी सकाळी नऊची.

इथेच घोडं पेंड खात होतं. पालक थंड ठेवून, अंधारात रात्रभर मुरवून, सकाळी थंडगार द्रावणात हलक्या हाताने वाटावा लागतो. मिक्सर चालत नाही, तापतो. आमच्या ठाण्याच्या लॅबमधली थंड खोली महिनाभर गरम होती आणि चिनीमातीचा खल कुणीतरी फोडून वर निरागस चेहऱ्याने हिंडत होतं. म्हणून मी ठरवलं, घरीच वाटायचा आणि बर्फात घालून स्कूटीवरून न्यायचा. घरात दगडी खल होता. रविवारी मी तो आईला दाखवून सांगितलं, "उद्या मला हा लागेल, धुऊन ठेव."

सोमवारी सहा वाजता मी बर्फ आणायला बाहेर पडले. इतक्या सकाळी बर्फ एकाच ठिकाणी मिळतो, मासळी बाजारात. बर्फाची गाडी उशिरा आली. तोवर मी एका कोळणीच्या पाटीपाशी डबा धरून उभी.

"म्हावरा नको न् नुसता बरफ पायजे?" तिने मला खालून वर न्याहाळलं. "घरान कोन गेला कं गो?"

"नाही हो मावशी. पालकासाठी."

तिने मला बर्फ जास्तच दिला. त्या बाईच्या डोळ्यांत जी कणव होती, ती माझ्या एकाही परीक्षकाच्या डोळ्यांत मी कधी पाहिली नाही.

घरी पोचले तेव्हा सव्वासात वाजले होते आणि आईने मासळीचा बर्फ दाराच्या आत घ्यायला साफ नकार दिला. डबा गॅलरीत राहिला. मी आत धावले तर ओट्यावर माझी बाटली तयार. पालक वाटून, चक्का बांधायच्या फडक्यातून गाळून, बूच लावून. आणि काय रंग होता! इतका हिरवा द्रव मी सहा वर्षांत पाहिला नव्हता.

"तू वाटलास?"

"मग काय करणार? तुला उशीर होणार म्हटलं. भाजी काय मला वाटता येत नाही?"

"खलातच ना? मिक्सर नाही ना लावलास?"

"खलातच."

मी तिला तिथल्या तिथे मिठी मारली. मग बाटली गॅलरीतल्या बर्फाच्या डब्यात खोचून, कल्याण-शीळ रस्त्याचे सगळे खड्डे चुकवत, म्हणजे प्रत्येकात पडून बाहेर निघत, पावणेनऊला लॅब गाठली.

लेझर लावला. चमक आली आणि विझली. इतकी झटकन विझली की मला वाटलं यंत्र झोपलंय. पुन्हा लावला. तेच. चाळीस वेळा लावला, चाळीसही वेळा तेच. पडद्यावरची रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी सरळ खाली. चमक मुळातच फिकी होती हे मला दिसलं होतं, पण त्याचा दोष मी मापकाला दिला. मापक जुना होता आणि त्याला बोलता येत नव्हतं.

माझे गाइड हे अत्यंत कोरडे गृहस्थ. माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या दिवशी ते "हं" म्हणाले होते, आणि ते "हं" मी महिनाभर जपून वापरलं होतं. त्यांनी ती रेघ पाहिली. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा पाहिली.

"एवढ्या वेगाने ऊर्जा पुढे जाते? कुणाच्याच पालकात अशी गेलेली नाही."

"डोंबिवलीचा आहे सर," मी म्हणाले. हा विनोद होता. सरांनी तो लिहून घेतला.

दुपारी सरांनी सगळ्या लॅबला वडापाव दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा. कुणी विचारलं, काय विशेष, तर सर म्हणाले, "पोरीने कमाल केली." मी हरभऱ्याच्या झाडावर जी चढले ती शेंड्यापर्यंत. तिथून खाली पाहताना मला समिती, मुदतवाढ, परदेश आणि त्या हॉटेलवाल्या दोन्ही स्थळांचे पडलेले चेहरे स्पष्ट दिसत होते. उरलेला थोडा द्रव मी छोट्या बाटलीत भरून घरी नेला. आईला म्हटलं, "ही बघ, तुझ्या हातची जादू." तिने बाटली देवघरात नेऊन निरांजनाशेजारी ठेवली.

गुरुवारी सकाळी बाबा पूजा आटोपून उठले ते थेट माझ्या खोलीत आले. मला गॅलरीत यायची खूण केली. गॅलरीचं दार लावलं. आतल्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबले आणि तिच्या आडोशाने बोलले.

"तो हिरवा पानाचा नाहीये."

"कुठला?"

"देवघरातला. तो तांब्याचा हिरवा आहे. आमच्याकडे असला माल पिंपं भरभरून जायचा, प्लॅस्टिकच्या बादल्यांना. बादली फुटते, रंग जात नाही."

"बाबा, ते हरितद्रव्य आहे."

"असेल. पण पानाचा रंग दिव्याशेजारी चौथ्या दिवशी असा राहतो का? तूच सांग, शिकलेली तू आहेस."

उत्तर मला पाठ होतं. वाटलेला पालक उजेडात दोन दिवसांत मातकट होतो. हे मी स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं होतं, फळ्यावर चित्र काढून. मी स्वयंपाकघरात गेले आणि जमेल तेवढ्या सहजपणे विचारलं, "आई, सोमवारी कुठल्या खलात वाटलास गं पालक?"

"पितळी," आई म्हणाली. "त्या दगडीला लसणाचा वास मारत होता. तुझा सहा वर्षांचा अभ्यास काय ठेच्याच्या खलात वाटू? पितळी मस्त चिंचेने घासला, सोन्यासारखा केला. शिवाय काळं पडू नये म्हणून लिंबू पिळलं थोडं. आधी जरा काळपटच झालं होतं हो. मग आपोआप असा रंग आला की मीच हात जोडले."

आता ज्याला हे समजून घ्यायचंय त्याला एका वाक्यात सांगते. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक कण असतो; आंबटाने तो निघतो, आणि शेजारी पितळेतून सुटलेलं तांबं असलं तर ते त्या रिकाम्या जागी जाऊन बसतं. रंग झकास येतो. कायमचा येतो. पण तांबं घुसलेला पालक काही करत नाही. तो नुसता छान दिसतो. त्याच्यात पडलेला प्रकाश तांबं तिथल्या तिथे गिळून टाकतं, म्हणून चमक फिकी आणि म्हणून ती झटकन विझली. हंडे वेगाने वर पोचले नव्हते. पहिल्या पायरीवरच कुणीतरी सगळं पाणी पिऊन टाकलं होतं, आणि मी टाळ्या वाजवत होते.

गॅलरीत परत आले तर बाबा तिथेच, तुळशीकडे बघत.

"पितळी," मी म्हटलं.

"वाटलंच." मग हळूच, "एक करशील? मी सांगितलं म्हणून सांगू नकोस तिला."

"घाबरता?"

"हो," बाबा म्हणाले. इतकं प्रामाणिक उत्तर मी त्यांच्याकडून अपेक्षिलं नव्हतं.

त्या दिवशी मी फार वाईट विचार केले. ते इथे लिहायला हरकत नाही. मी मनाशी म्हटलं, उद्या ती रेघ दाखवायची, मुदत पदरात पाडायची, मग सावकाश पुन्हा मोजायचं आणि म्हणायचं, अरेच्चा, या वेळी वेगळं आलं. कुणाला काय कळणार? तांब्याचा वास थोडाच येतो? आणि खरं सांगायचं तर नुसती मुदत जाणार होती असंही नाही. समितीपुढे उभं राहून मला सांगावं लागणार होतं की माझ्या आईने पालकावर लिंबू पिळलं. चार प्राध्यापक हसणार. मला आईवर कुणी हसलेलं चालत नाही. तो हक्क मी कुणाला देत नाही, स्वतःकडेच ठेवते. दिवसभर मी आईवर विनाकारण खेकसले आणि तिने मला विनाकारण शिरा करून घातला. शिरा खाताना मला रडू आलं आणि आई म्हणाली, "टेन्शन घेऊ नकोस, मी उद्या देव पाण्यात घालून बसणार आहे." तिने खरंच घातले, आणि कशात घातले ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शुक्रवारी सकाळी मी बाटली खालच्या मजल्यावरच्या धातू तपासायच्या यंत्रावर लावली. तिथला मित्र आकडा बघून म्हणाला, "हे काय आणलंयस? यातून एक लोटी सहज निघेल." मग मी सरांकडे गेले. समितीला वीस मिनिटं होती. सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सोमवारपासूनचं हसू एखादा भाडेकरू सामान उचलून जावा तसं गेलं.

"लिंबू?" सर म्हणाले.

"थोडंसं."

"आणि चिंच."

"हो सर."

"गूळ राहिलाच," सर म्हणाले आणि उठून समितीच्या खोलीत गेले.

मी ती रेघ पडद्यावर लावली आणि म्हटलं, "हा माझा सगळ्यात चांगला निकाल आहे आणि तो चुकीचा आहे." मग खल, चिंच, लिंबू, तांब्याचा आकडा, सगळं सांगितलं. चारातले तीन हसले. चौथे, मधे बसलेले, म्हणाले, "सहा वर्षांत भांडं बघून घ्यावं एवढंही शिकला नाहीत?" मी "नाही सर" म्हटलं. एक वयस्कर मॅडम होत्या, त्या हसल्या नव्हत्या अशातला भाग नाही, सगळ्यात जास्त त्याच हसल्या होत्या. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला संशय कशावरून आला? रेघ तर सुरेख आहे."

"मला नाही आला. माझ्या वडिलांना आला. नुसतं बघून."

"वडील कशात आहेत?"

"रंगाच्या कारखान्यात होते. शेड जुळवायचे."

मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने सर आले आणि म्हणाले, "सहा नाही. तीन महिने दिलेत. आणि भांडी लॅबची." मी पायरीवर बसून स्फुंदून रडले. सर बाजूला उभे राहिले, काय करायचं ते न सुचून त्यांनी पेन खिशातून काढून परत खिशात ठेवलं, मग म्हणाले, "वडिलांचा नंबर द्या. मला बोलायचंय त्यांच्याशी."

आनंदाच्या भरात मी नंबर दिला. बाबांचा मोबाइल बाबा कधीच उचलत नाहीत, आईच उचलते, हे मला आठवलं तेव्हा मी मुंब्र्याच्या बायपासवर होते आणि पुढे कंटेनर आडवा झाला होता.

घरी पोचले. दार उघडंच. बाबा खाली बसून मटार सोलत होते. आई उभी, कानाला फोन.

"हो का? ... यांनी? ... नुसतं बघून? ... नाही, मला नाही बोलले. ... हो, ठेवते हं, धन्यवाद."

तिने फोन टेबलावर ठेवला, फार हळू. बाबांनी एकच शेंग तीनदा सोलली.

"तीन महिने मिळाले ना?" तिने मला विचारलं.

"मिळाले."

"सहा मागितलेलेस. म्हणजे माझ्यामुळे तीन गेले."

"आई, तसं नाही. बघून घ्यायचं काम माझं होतं. पुरते तीन. खरंच पुरते."

"बरं." ती बाबांकडे वळली. "आणि तुम्ही. तुम्ही चार फुटांवरून ओळखलंत."

"अगं, ते असं झालं की..."

"म्हणजे डोळे चांगले आहेत तुमचे. मला वाटायचं, दिसतच नाही. पस्तीस वर्षं वाढतेय ताटात. वरणाचा पिवळा बघितलात, सोलकढीचा गुलाबी बघितलात, अळूचं फतफतं बघितलंत. एक दिवस म्हणाला नाहीत, आज रंग छान आलाय. आणि पस्तीस वर्षांनी तोंड उघडलंत ते हे सांगायला?"

मी दारातच उभी होते, हेल्मेट डोक्यावर. काढायचा धीर झाला नाही.

बाबांनी मटाराचं ताट बाजूला सरकवलं. "कारखान्यात तसंच होतं गं," ते म्हणाले. "शेड जुळली की बोलायचं नाही. शिक्का मारायचा आणि माल पुढे सोडायचा. बिघडलं तरच बोलायचं. तीस वर्षं तीच सवय. तुझ्या हातचं कधी बिघडलंच नाही, तर मी बोलणार काय?"

आईने पदराने नाक पुसलं. माझेही डोळे भरून आले आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली.

"मग शिक्का कुठे मारलात?" तिने विचारलं.

बाबांनी क्षणभर विचार केला, आणि मग आपल्या सुटलेल्या पोटावर थाप मारली.

"हा काय," ते म्हणाले.